विदर्भातल्या घरात खाऱ्या पाण्याची लहान टाकी: प्रोटीन स्किमर कसा निवडायचा

प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातला मळ काढणारं यंत्र, घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "टाकी किती लिटरची?" आपण आकडा सांगतो आणि त्या आकड्याला जुळणारं खोकं पुढे येतं. मुंबईत, पुण्यात एवढ्यावर भागतं. दारव्हा, पुसद, आर्वी, मूल, साकोली अशा गावांत भागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, टाकीतलं पाणी रोज खाली जाताना दिसतं आणि लाइन कधी जाईल, कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इथे स्किमर निवडायचा तो आधी बाष्पीभवन आणि वीज पाहून. लिटरचा आकडा त्यानंतर.

पुढचं सगळं ६० ते १५० लिटरची टाकी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. आत क्लाउनफिशची जोडी, एखादी गोबी, दोन-चार कोळंब्या, गोगलगायी, एवढाच संसार.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आपल्या भागात ती हमखास विचारली जाते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी खारट आहे, लोणारचं सरोवर तर खारटही आहे आणि कमालीचं अल्कधर्मीही, मग बाजारातलं मीठ कशाला? कारण समुद्राचं पाणी म्हणजे नुसता खारटपणा नव्हे. त्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचं ठरलेलं प्रमाण असतं आणि एका लिटरमागे एकूण क्षार साधारण ३५ ग्रॅम असतात. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात ना ते प्रमाण असतं ना तेवढे क्षार. आरओ-डीआय गाळणीचं शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेलं पाणी आणि त्यात मरीन सॉल्ट, याला आपल्याकडे पर्याय नाही. बोरचं पाणी टाकीत एक तांब्याही नको.

स्किमर नेमकं करतो काय

गंजात तुरीची डाळ उकळायला लागली की वर फेस धरतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो. त्या फेसात डाळीतून सुटलेली प्रथिनं असतात. स्किमरमध्ये हेच घडतं, फक्त उकळीच्या जागी हवेचे बारीक बुडबुडे असतात. माशांची विष्ठा, अंगावरची बुळबुळ, उरलेलं खाद्य यांतून जी प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळतात, त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून दूर पळतं. हवेचा बुडबुडा भेटला की ते दुसरं टोक बुडबुड्याकडे वळतं आणि रेणू तिथेच चिकटतो. असे लाखो बुडबुडे वर चढतात, अरुंद नळकांड्यात एकमेकांवर दाबले जातात, त्यातलं पाणी निथळून खाली जातं आणि घट्ट, मळकट फेस कपात सांडतो.

बुडबुडा जितका बारीक आणि पाण्यात जितका जास्त वेळ राहील तितकं काम चांगलं. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भसकन वर जातात. खाऱ्या पाण्यातले क्षार हे मिसळणं रोखतात. त्यामुळेच घरगुती स्किमर खाऱ्या टाकीत चालतो आणि गोड्या टाकीत जवळपास निकामी ठरतो. नवीन स्किमर बादलीत साध्या पाण्यावर लावून "फेसच येत नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्किमर अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट थेट काढत नाही. ते तयार होण्याआधी, त्यांच्या मुळाशी असलेला सेंद्रिय मळ तो काढतो. तोही सगळा नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंतच कार्बन स्किमरच्या हाती लागतो, असं दिसलं. महागड्या आणि साध्या मॉडेलमधला फरकही जाहिरातीत असतो तेवढा नव्हता. पैसे मोजण्याआधी हे माहीत असलेलं बरं. पाणी बदलणं स्किमरमुळे सुटत नाही.

पण स्किमरचं दुसरं काम आहे आणि विदर्भात मला तेच पहिलं वाटतं: पाण्यात हवा मिसळणं. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना प्रतिलिटर सुमारे ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम ६.२. गोड्या पाण्यात २५ अंशांनाच सव्वाआठच्या आसपास असतो. म्हणजे खाऱ्या टाकीतला मासा मुळातच कमी ऑक्सिजनवर जगतो, त्यात उन्हाळा. नवतप्यातल्या रात्री टाकी ३०-३१ अंशांवर गेली की मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागतात. चालू स्किमर अशा वेळी टाकीतलं सगळ्यांत मोठं हवेचं साधन असतं. वर्षातले दोन महिने तो जीव वाचवणारा पंप आहे, असं समजूनच त्याची निवड करा.

तुम्हाला तो लागणार आहे का

टेपने मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, १००० ने भागा. ६० × ४५ × ४५ च्या टाकीत साधारण १२१ लिटर येतं. त्यातून दगड आणि वाळूचे दहा-पंधरा टक्के वजा केले की खरं पाणी १०५ लिटरच्या आसपास उरतं. संप, म्हणजे फिल्टर आणि पंपासाठी खाली जोडलेली दुसरी टाकी, असेल तर त्यातलं पाणी मिळवा. स्किमरचा हिशोब या खऱ्या पाण्यावर होतो, काचेच्या मापावर नाही.

पाणी ६० लिटरच्या आत असेल आणि मासे एक-दोनच, तर स्किमरशिवाय चालतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. ६ लिटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं आणि अर्धा तास जातो. त्या टाकीत स्किमरऐवजी एक चांगला बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या, पैसे जास्त सत्कारणी लागतील.

शंभर लिटर ओलांडलं, किंवा मासे तीन-चार झाले, की स्किमर घ्यावा. आपल्याकडच्या बहुतेक टाक्या माशांच्याच असतात आणि असाव्यातही. दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आले. कुणी "चुपचाप पार्सल पाठवतो" म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका. माशांची टाकी म्हणजे खाद्य जास्त, विष्ठा जास्त, म्हणून मळही जास्त. पुढच्या आकड्यांत हे धरायचं आहे.

खोक्यावरचा आकडा वाचायची रीत

खोक्यावर "३०० लिटरपर्यंत" असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा जवळपास रिकाम्या, हलक्या टाकीसाठी असतो. माहितीपत्रक उघडलं तर बहुतेक कंपन्या तीन आकडे देतात: हलका भार, मध्यम भार, जड भार. आपल्याला जड भाराचा आकडा पाहायचा आहे आणि तो आपल्या खऱ्या पाण्याइतका किंवा फार तर दीडपट असावा. १०५ लिटर पाणी असेल तर जड भारासाठी १०० ते १५० लिटर लिहिलेला स्किमर बरोबर. माहितीपत्रकात एकच आकडा असेल तर त्याचा अर्धा धरा.

दुकानात हमखास ऐकायला मिळतं, "भाऊ, मोठाच घेऊन टाका, मोठा केव्हाही बरा." फिल्टरच्या बाबतीत ते खरं असेल, स्किमरच्या बाबतीत नाही. फेस टिकायला पाण्यात पुरेसा मळ सतत मिळत राहावा लागतो. रुंद नळकांड्याच्या मोठ्या स्किमरला लहान टाकी तेवढा मळ पुरवू शकत नाही. फेस अर्ध्यापर्यंत चढतो, फुटतो, परत पाण्यात मिसळतो. दोन दिवस कप कोरडा राहतो आणि तिसऱ्या दिवशी जास्त खाद्य पडलं की एकदम भरून वाहतो. लहान टाकीला अरुंद नळकांडं मानवतं.

पाण्याची पातळी: विदर्भात निर्णय इथे होतो

स्किमर एका ठरावीक उंचीच्या पाण्यातच नीट चालतो. पाणी एक सेंटिमीटर उतरलं तरी आतली फेसाची रेषा सरकते, तीन-चार सेंटिमीटर उतरलं तर फेस कपापर्यंत पोचतच नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत ही अडचण आठवड्याने कळते. आपल्याकडे मे महिन्यात ती चोवीस तासांत कळते.

हिशोब करून पाहा. ६० × ४५ टाकीचा पृष्ठभाग २७०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे २.७ लिटर पाणी उडालं की पातळी बरोबर एक सेंटिमीटर खाली. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला पृष्ठभागावर छोटा पंखा लावला, आणि तो लावावाच लागतो, तर शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर सहज जातं. कोरड्या हवेत हा पंखा पाणी दोन-तीन अंश उतरवतो, चिलरचे पैसे वाचवतो. पण त्याची किंमत पातळीत मोजावी लागते.

आता स्किमरचे प्रकार या नजरेने पाहा.

मागे टांगायचा स्किमर टाकीच्या काचेला बाहेरून अडकतो. संप लागत नाही, म्हणून लहान टाकीवाल्यांना तोच सुचवला जातो. त्याचा पंप टाकीतून पाणी उचलतो, स्किमरचं अंग बाहेर, आणि पाणी परत टाकीत पडतं. यात बघायचं ते एकच: पंप पाण्यात किती खोल बसतो आणि परतीचं तोंड पाण्यापासून किती उंचीवर आहे. पंप खोल बसणारा असेल तर दोन-तीन सेंटिमीटरची घट तो सहन करतो. काही मॉडेलचं तोंड फक्त पृष्ठभागावरून पाणी ओढतं. तेलकट तवंग काढायला ते उत्तम, पण पातळी उतरली की कोरडं पडून हवा गिळतं, आवाज करतं आणि पंप तापतो. असं मॉडेल ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरायची सोय, असेल तरच घ्या. दुसरा धोका गळतीचा. याचा कप टाकीच्या बाहेर असल्याने उतू गेला तर पाणी थेट फरशीवर, मागच्या भिंतीवर आणि तिथेच असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर जातं.

टाकीच्या आतच बसणारे छोटे स्किमर चुंबकाने किंवा चिमट्याने काचेला धरतात. उतू गेले तर टाकीतच जातात, घर कोरडं राहतं. जागा खातात आणि दिसायला बरे नाहीत, तरी संप नसलेल्या टाकीला मी हेच सुचवेन. घेताना चुंबक वरखाली सरकवून पातळीप्रमाणे उंची बदलता येते का ते पाहा. येत असेल तर उन्हाळ्यात फार उपयोग होतो.

संपमध्ये बसणारा स्किमर सगळ्यांत स्थिर, पण संपमध्ये कुठे ठेवला त्यावर सगळं ठरतं. संपमध्ये उभ्या काचा लावून कप्पे केलेले असतात. मधल्या कप्प्यांत पाणी काचेच्या उंचीपर्यंत कायम भरलेलं असतं. उडालेलं सगळं पाणी शेवटच्या, परतीच्या पंपाच्या कप्प्यातून कमी होतं. तो कप्पा १५ × ३० चा असेल तर ४५० चौरस सेंटिमीटर. वरच्या हिशोबातलं तेच २.७ लिटर इथे सहा सेंटिमीटरची घट करतं. स्किमर या कप्प्यात ठेवला तर सकाळी उतू जाईल आणि रात्री गप्प बसेल. तो काचेच्या आडोशाला असलेल्या आधीच्या कप्प्यातच ठेवायचा. संप करवून घेणार असाल तर स्किमरचं माहितीपत्रक आधी वाचा. किती सेंटिमीटर पाण्यात तो बसवायचा ते त्यात लिहिलेलं असतं, लहान मॉडेलला बहुधा १५ ते २० च्या दरम्यान. काच त्या उंचीची कापायला सांगा. काच थोडी उंच झालीच तर स्किमरखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून तो उचलता येतो. काच बुटकी झाली तर मात्र इलाज नाही.

कोणताही प्रकार घ्या, ऑटो टॉप-ऑफचे पैसे स्किमरच्या बजेटमध्येच धरा. फ्लोट किंवा सेन्सर, लहान पंप आणि शून्य टीडीएसच्या पाण्याची बादली, एवढंच. ते जमत नसेल तर काचेवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत साधं आरओ-डीआय पाणी भरा. खारं नाही, कारण मीठ उडत नाही, पाणीच उडतं. १२० लिटरमधून चार दिवसांत १२ लिटर गेलं आणि भरलं नाही, तर क्षारता ३५ वरून जवळपास ३९ वर जाते. स्किमर मग कोणत्याही कंपनीचा असो.

लाइन, व्होल्टेज आणि इन्व्हर्टर

आजचे बहुतेक स्किमर नीडल व्हीलचे असतात. पंपाच्या रोटरवर पात्यांऐवजी दाट काट्यांची चकती असते आणि ती हवा-पाण्याचं मिश्रण चिरून बारीक बुडबुडे करते. यातले साधे पंप २३० व्होल्टच्या सिंक्रोनस मोटरचे असतात. शेतीच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज किती पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चालू असलेला पंप अशा वेळी कसाबसा चालत राहतो. पण त्याच वेळी लाइन जाऊन आली तर रोटर नुसता थरथरतो, फिरत नाही. काही पंप उलटेही सुरू होतात. तेव्हा आवाज बदललेला असतो आणि बुडबुडे अगदी कमी येतात. प्लग काढून परत लावला की बहुधा सुधारतो. घरी कुणीच नसेल तर हे करणार कोण, हा विचार आधी करा.

यामुळे आपल्याकडे मी १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसी पंपाचा स्किमर घ्यायला सांगतो. थोडा महाग पडतो, पण त्याचा अडॅप्टर कमी-जास्त व्होल्टेज बराच सांभाळून घेतो, पंप सुरू होताना दिशा चुकवत नाही, वेग कमी-जास्त करता येतो. शिवाय १२ व्होल्टचा असेल तर वेळप्रसंगी सोलरच्या बॅटरीवरही विचार करता येतो. मात्र लाइन येऊन-जाऊन झाल्यावर त्याचा कंट्रोलर शेवटचा वेग आपोआप धरतो की बटण दाबावं लागतं, हे दुकानातच प्लग काढून-लावून पाहा. बटण दाबावं लागणारा नको.

एसी पंपाचाच घेतला तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे पंप गुणगुणतात आणि तापतात. लहान स्किमरचा पंप पाच ते पंधरा वॅटचा असतो. परतीचा पंप धरून पंचवीस-तीस वॅट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. निम्मे धरले आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वजा केला तरी टाकीची रात्र निघते. पण त्याच बॅटरीवर दोन सिलिंग फॅन असतील तर दीडशे वॅट तिकडे जातात आणि हिशोब चार-पाच तासांवर येतो. डीपी जळाली की दोन-दोन दिवस लाइन येत नाही, हे गावातल्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. त्या दिवसांसाठी यूएसबी किंवा बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक एअरस्टोन घरात असलाच पाहिजे.

इथेच जुन्या पद्धतीच्या एअरस्टोन स्किमरची आठवण होते. त्यात पाण्याचा पंप नसतो, नळीतून आलेली हवा लाकडी एअरस्टोनमधून बारीक फुटते. लाकूड फुगतं, बंद पडतं, काही आठवड्यांनी बदलावं लागतं आणि दर वेळी फेस पुन्हा जुळवावा लागतो. पण तो नुसत्या एअर पंपवर चालतो. ७०-८० लिटरच्या टाकीला, जिथे लाइनची फारच रड आहे, तिथे तो आजही शहाणपणाचा पर्याय आहे.

लाइन गेली की स्किमरच्या अंगातलं लिटर-दोन लिटर पाणी खाली येतं. संपमध्ये त्यासाठी, आणि वरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्यासाठी, जागा रिकामी ठेवा. स्किमर लावून झाला की सगळे प्लग एकदम काढा आणि संप कुठपर्यंत भरतो ते डोळ्यांनी पाहा. मग सगळं एकदम सुरू करा. संप भरलेला असताना सुरू होणारा स्किमर पहिली काही मिनिटं जोरात फेस काढतो. कप तेवढ्यात भरून वाहतो का, तेही तेव्हाच कळेल.

वायर बोर्डाकडे जाताना प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही. घराची अर्थिंग तपासून घ्या आणि टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. टाकीत लहान मुलांचे हात जातात. हा खर्च टाळू नका.

हवेची नळी कुठे जाते

स्किमर खोलीतली हवा ओढतो आणि पाण्यात घोटतो. खोलीत जे आहे ते सगळं पाण्यात जातं. डासांच्या अगरबत्तीत आणि लिक्विडच्या मशीनमध्ये पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं असतात आणि ती मासे, कोळंब्या यांना अत्यंत विषारी आहेत. कापसाच्या पट्ट्यात तर फवारणीची औषधं, पंप, भरलेले कपडे घरातच, कधी त्याच खोलीत असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ते औषध माणसाला सोडत नाही, तर कोळंबीचं काय.

म्हणून टाकीच्या खोलीत औषधाचा डबा नको, फवारणी पंप नको, डासांचं मशीन नको. फवारणी करून आलेल्या माणसाने, आंघोळ झालेली असली तरी, त्या दिवशी टाकीत हात घालू नये. स्किमर घेताना हवेच्या तोंडाला साधी सिलिकॉन नळी जोडता येते का पाहा. येत असेल तर नळी लांब करून स्वच्छ बाजूच्या खिडकीबाहेर नेता येते. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद असताना बाहेरच्या हवेमुळे पाण्याचा पीएचही सावरतो. मात्र खिडकीपलीकडे पऱ्हाटी असेल तर फवारणीच्या दिवसांत नळी आत घ्या.

हातात घेऊन काय पाहायचं

कप एका हाताने, पाणी न हिंदकळवता निघाला पाहिजे. तो दर तीन-चार दिवसांनी काढायचा आहे. पंप फिरवून उघडा, रोटर बाहेर काढा आणि मधला सिरॅमिकचा दांडा बोटाने चाचपा. ट्रॅव्हल्सच्या टपावरून आलेल्या पार्सलमध्ये तो तडकलेला निघू शकतो. अॅक्रेलिकचे जोड उजेडात धरून पाहा, जिथे पांढुरकी रेघ दिसते तिथे पुढे गळती लागते. पाण्याच्या उंचीसाठी फिरवायचा व्हॉल्व्ह आहे ना, तो अडकत नाही ना.

आणि सुटे भाग. जर्मनीची टुन्झे, चीनची बबल मॅगस अशी नावं ऐकायला मिळतात. नाव कोणतंही असो, "याचा रोटर वेगळा मिळतो का, किती दिवसांत?" हे दुकानदाराला विचारा. नागपूरहून किंवा कुर्ल्याच्या बाजारातून रोटर मागवता येत नसेल तर तो स्किमर दोन वर्षांनी शोभेची वस्तू होतो. मी तर स्किमरबरोबर एक जादा रोटर घेऊनच ठेवायला सांगतो.

आवाज ऐकल्याशिवाय घेऊ नका. गावातल्या घरात टाकी बहुधा समोरच्या खोलीत असते आणि तिथेच रात्री गाद्या पडतात.

बसवणं आणि पहिले पंधरा दिवस

नवीन स्किमर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन-चार भाग पाणी यात तासभर चालवा, मग साध्या पाण्यात धुवा. साबण अजिबात नको. कारखान्यातलं तेल जितकं निघेल तितकं बरं, कारण तेल फेस मोडतं.

टाकीत लावल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, म्हणजे आतली पातळी सगळ्यांत खाली राहील. पहिले दोन-चार दिवस एक तर फेस धरणारच नाही, नाही तर पांढरे बुडबुडे सारखे कपात उसळतील. दोन्ही ठीक आहे. दर तासाला व्हॉल्व्ह फिरवत बसू नका. आठवड्याभराने नळकांड्याच्या आतल्या बाजूला मळकट थर धरायला लागला की व्हॉल्व्ह थोडा बंद करा, एक दिवस थांबा, मग पुढचा बदल. फेसाची रेषा नळकांड्याच्या खालच्या टोकाशी स्थिर झाली की कपात गडद, घाण वास येणारं पाणी जमू लागतं. पाणी फिकट आणि भरपूर येत असेल तर पातळी थोडी उतरवा. कपाबरोबर खारं पाणी बाहेर जातं, त्याच्या जागी टॉप-ऑफ गोडं पाणी भरतो आणि क्षारता हळूहळू घसरते, म्हणून आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने तपासा.

हाताला तेल किंवा क्रीम असताना टाकीत हात गेला, पाण्यात कंडिशनर किंवा औषध टाकलं, की स्किमर वेडावाकडा वागतो. तेव्हा तो बंद करण्यापेक्षा कप काढून ठेवा, फेस पाण्यात परत पडू द्या. हवा मिळत राहते.

राखण

कप आणि नळकांडं तीन-चार दिवसांनी पुसा. मळ धरलेल्या नळकांड्यावर फेस नीट चढत नाही. पंप दोन-तीन महिन्यांनी उघडून व्हिनेगरमध्ये भिजवा. काट्यांमध्ये पांढरा चुना धरलेला दिसेल, टूथब्रशने निघतो.

सगळ्यांत जास्त फसवते ती हवेच्या नळीची टोपी. जिथे हवा आणि खारं पाणी भेटतं तिथे मिठाची खडी जमते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ती लवकर जमते. बाहेरून काही दिसत नाही, पंप चालू असतो, पण बुडबुडे निम्म्यावर आलेले असतात. टोपीच्या टोकाशी बोट धरा, ओढ जाणवली पाहिजे. जाणवत नसेल तर नळी काढून कोमट आरओच्या पाण्याचा एक तांब्या त्यातून जाऊ द्या. उन्हाळ्यात हे आठवड्याला करा, पावसाळ्यात पंधरवड्याला पुरतं.

पावसाळा लागला की हवा दमट होते, पंख्याने पाणी फारसं थंड होत नाही आणि उडतंही कमी. मे महिन्यात जुळवलेला व्हॉल्व्ह जुलैत जास्त ओला फेस देऊ शकतो. तेव्हा पातळी थोडी उतरवून घ्या.

लग्नाकार्याला चार दिवस बाहेर जायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी कप धुवा, हवेची टोपी साफ करा, टॉप-ऑफची बादली काठोकाठ भरा आणि व्हॉल्व्ह उघडून स्किमर कोरड्या फेसावर ठेवा, म्हणजे कप उशिरा भरेल. शेजारच्याला खाद्याचा डबा देऊ नका, त्या त्या दिवसाच्या पुड्या बांधून द्या. आणि लाइन जाऊन आल्यावर स्किमरमध्ये पांढरे बुडबुडे दिसतात का, एवढं पाहायला सांगा. दिसत नसतील तर प्लग काढून परत लावायचा, हे त्याच्या हातून एकदा करवून घ्या.